खांदेमळणी

खांदा कृष्णातला जन्मापासून होता, शोल्डर मात्र त्याला पलटणीने दिला. भरती झाल्यावर वर्दीच्या खांद्यावर लावायची एक पितळी पट्टी मिळाली. तिला शोल्डर टायटल म्हणायचं, आणि ती लखलखीत नसली की कवायत शिकवणारा उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. पुढे तो ड्रायव्हर झाला. डोंगरातल्या रस्त्यावर डांबर संपतं आणि दरी सुरू होते, त्या दोन्हींच्या मध्ये जी मुरमाची पट्टी असते तिलाही शोल्डरच म्हणतात हे त्याला तिथे कळलं. शोल्डर पक्का असेल तर गाडी बाजूला घ्यायची, कच्चा असेल तर देवाचं नाव घ्यायचं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी चार वाक्यं इंग्रजीत भाषण केलं, त्यातही शोल्डर होता. या माणसाने पडेल ती जबाबदारी शोल्डर केली, असं काहीसं. या इंग्रजांना बाकीचं अंग होतं की नव्हतं, असा कृष्णातला तेव्हा प्रश्न पडला होता.

निवृत्त होऊन तो कोरेगावजवळच्या आपल्या गावी आला. पलटणीतून आलेल्या माणसाला आमच्या मुलखात मेजर म्हणायची रीत आहे, त्यामुळे हवालदार कृष्णात गावात मेजर झाला. ऊस लावला, पोरगी सांगलीला दिली, आणि साठी ओलांडल्यावर एका सकाळी खुंटीवरचा सदरा काढायला गेला तर उजवा हात कानाच्याही वर जाईना. डॉक्टर म्हणाला, फ्रोझन शोल्डर. म्हणजे शोल्डर गोठलाय. गावाला आयता विषय मिळाला. उभी हयात बर्फात काढली आणि गोठला तो कोरेगावच्या उन्हात, असं पारावरची मंडळी म्हणू लागली.

कृष्णातही त्यांच्यात हसायचा. शोल्डर दुखतोय असं सांगायला त्याला काही वाटत नसे. शोल्डर म्हणजे सरकारी वस्तू, ती कधी ना कधी बिघडायचीच. पण 'खांदा गेला' हे शब्द काही त्याच्या तोंडून निघत नव्हते. खांदा बैलाचा जातो, आणि खांदा गेलेल्या बैलाचं पुढे काय होतं ते शेतकऱ्याच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही. शिवाय त्याच्या या खांद्याकडे एक काम राहिलं होतं, आणि ते जोतीरामचं होतं.

जोतीरामचं घर समोरच, मध्ये फक्त एक बोळ. पूर्वी दोन्ही घरांत एकेकच बैल असायचा. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून दोघांच्या बापांनी पैरा केला होता. या घरचा एक आणि त्या घरचा एक अशी जोडी जुंपायची, आज याच्या रानात तर उद्या त्याच्या. बेंदराच्या सणाला दोन्ही बैल जोतीरामच्याच अंगणात सजायचे, आणि बैलांबरोबर पोरंही एकत्र वाढली. पुढे कृष्णात पलटणीत गेला. जोतीराम रानात राहिला आणि दोन्ही घरची औतं त्याने एकट्याने हाकली.

कृष्णातचे वडील आबा वारले तेव्हा तो उत्तरेत होता आणि बर्फाने रस्ता बंद झाला होता. त्याला तार मिळाली तोवर इकडे सावडणंसुद्धा उरकलं होतं. तो गावी पोचला तेव्हा जो भेटेल तो त्याला एकच गोष्ट सांगत होता. तुझ्या जागी जोतीराम उभा राहिला. घरापासून ओढ्यापर्यंत तिरडीचा पुढचा दांडा त्याचा. विसाव्याला तिरडी टेकवली, माणसं बदलली, पण जोतीरामने काही उजवा खांदा काढला नाही. कृष्णातने त्याचे आभार मानले नाहीत, कारण असल्या गोष्टीचे आभार मानत नसतात. त्याने फक्त मनाशी ठरवलं, की जोतीराम आपल्या आधी गेला तर आपणही त्याला असंच न्यायचं. याच खांद्यावर, न बदलता.

आणि आता जोतीराम निघाला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हार्ट मोठं झालंय, औषधं चालू ठेवा, घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. "त्याचं काळीज पयल्यापासनं मोठंच हाय. डॉक्टरनं त्यात नवीन काय सांगितलं?" असं कृष्णातची बायको मनुबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला आत गेली. जोतीरामच्या पोराने, सयाजीने, ओट्यावर खाट टाकली. तिथून बोळ दिसायचा, गोठा दिसायचा आणि म्हातारा पाखऱ्या बैल दिसायचा. ट्रॅक्टर आल्यावर कृष्णातने आपला बैल विकला होता, जोतीरामने मात्र पाखऱ्याला दावणीला ठेवला होता.

कृष्णातची खरी पंचाईत अशी, की हे दुखणं त्याला कुणाजवळ बोलता येत नव्हतं. खांदा लवकर बरा करा म्हणावं, तर कशासाठी ते सांगावं लागणार. जित्या माणसाला खांदा द्यायची तयारी करणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं झालं. घरात बोलला असता तर मनुबाईने त्याला जेवायला वाढलं नसतं. कोरेगावात उपचार घ्यावेत तर बातमी त्याच्या आधी घरी पोचली असती. म्हणून तो लेकीला भेटायचं निमित्त करून रेल्वेने सांगलीला जाऊ लागला. लेक संयोगिता विश्रामबागेत राहायची आणि तिच्याच गल्लीत प्रांजलचा दवाखाना होता. ही पोरगी औषध देत नसे, हातापायांचे व्यायाम करून घ्यायची.

पहिल्याच दिवशी तिने त्याचा हात धरून हळूहळू वर न्यायला सुरुवात केली आणि थांबली.

"काका, शोल्डर सैल सोडा. हात मी धरलाय. तुम्ही नका धरून ठेवू."

"सोडलाय की."

"कुठे सोडलाय? नुसता दगड झालाय."

प्रांजल आटपाडीकडची, धनगराच्या घरातली. बोलणं सांगलीचं होतं, पण मधूनच माणदेश डोकावायचा. तिचा आजा मेंढरांमागे हिंडायचा आणि चालून दमलेलं कोकरू खांद्यावर टाकून आणायचा. म्हातारपणी त्याचाही खांदा असाच धरला होता, असं तिने हात हलवता हलवता सांगितलं. मग वही न उघडता सहज विचारावं तसं विचारलं, "या हाताने काय करता आलं म्हणजे तुम्हाला बरं वाटेल?"

कृष्णातने छताकडे बघितलं. "एक पोतं उचलायचं हाय."

"कशाचं?"

"गव्हाचं."

"घरात दुसरं कुणी नाही उचलायला?"

"हायत की. पर ते मलाच उचललं पायजे."

"जड आहे का फार?"

कृष्णातच्या डोळ्यांपुढे खाटेवरचा जोतीराम आला. गेल्या आठवड्यात त्याच्या मनगटातलं घड्याळ सरकून कोपरापर्यंत गेलं होतं. "पूर्वी लय जड हुतं," तो म्हणाला. "आता न्हाई राहिलं तेवढं."

प्रांजलने एकदा त्याच्याकडे बघितलं. गहू ठेवून ठेवून हलका होतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. "वर्ष लागतं काका याला. सहा महिने तरी धराच. घाई केली तर उलट सुजेल."

"तेवढं थांबल का पोतं?" कृष्णात स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला.

"पोतं कुठं जातंय?" प्रांजल म्हणाली.

तिने शिकवलेले व्यायाम तो घरी करू लागला. आपल्या रिकाम्या गोठ्याच्या बोळाकडच्या भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवत न्यायची. जिथे थांबतील तिथे दम खायचा, पुन्हा रेटायची. पलटणीतल्या माणसाला व्यायामाचं वावडं नसतं, पण याने अतिच केलं. प्रांजलने सकाळ-संध्याकाळ सांगितलं होतं, हा दुपारीही भिंतीला लागलेला. दात आवळायचा, घाम पुसायचा, आणि हात भिंतीतल्या कालच्याच खिळ्यापाशी अडायचा. रात्री त्या कुशीवर वळता यायचं नाही. मनुबाई विचारायची, "आवं, येवढी कसली घाई लागलीया?" तो म्हणायचा, "बेंदराला पाखऱ्याला धुयाचा हाय." तिला ते पटल्यासारखं दिसायचं.

समोर ओट्यावर जोतीराम मात्र दिवसेंदिवस हलका होत होता. कृष्णात रोज तासभर त्याच्याजवळ जाऊन बसायचा. ऊस, पाऊस, कारखाना, कुणाच्या पोराची भरती, सगळं बोलून व्हायचं. उठताना मात्र कृष्णातला चोरी केल्यासारखं वाटायचं. याच माणसापासून आपण काहीतरी लपवतोय, आणि तेही त्याच्याचविषयी. घरी आला की तो परत भिंतीपाशी जायचा.

असा बेंदूर आला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जोखड ओढून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, तो खांदा त्या दिवशी कढत पाण्याने शेकायचा आणि हळद-तूप लावून मळायचा. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन उद्याच्या पुरणपोळीचं आवतान द्यायचं. पाखऱ्याने कित्येक वर्षांत जू पाहिलं नव्हतं, तरी जोतीरामने मान चुकवू दिला नव्हता. यंदाही त्याने सयाजीला सांगून बैल ओट्याच्या कडेला आणवला, स्वतः उशांना टेकून बसला आणि वाटी मांडीवर घेतली. कृष्णात आणि मनुबाई आले तेव्हा त्याचे हात हळदीने पिवळे झाले होते आणि पाखऱ्या डोळे अर्धे मिटून उभा होता.

"आज आवतान घ्या, उद्या जेवाया या," जोतीराम बैलाच्या कानात म्हणाला. एवढ्यानेच त्याला धाप लागली. सयाजी वाटी घ्यायला पुढे झाला, पण त्याने ती सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे. अजून एक बैल हाय." त्याने कृष्णातकडे बघितलं. "कृष्णा, हितं बस. सदरा काढ."

"मला कशाला रं?"

"तुझ्या घरचा बैल तू इकलास. पैऱ्यातली जागा मोकळी पडलीया. तूच बस तिथं."

सयाजी हसला. मनुबाईने मात्र हसू आवरून नवऱ्याकडे बघितलं आणि पाखऱ्याला न्यायला सयाजीला खुणावलं. ती दोघं बैल घेऊन गोठ्याकडे गेली. कृष्णात ओट्याच्या कडेला पाठ करून बसला आणि त्याने डाव्या हाताने सदरा ओढून काढला. जोतीरामने तुपाचे हात त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवले. हात गार होते आणि त्यांत जोर काही नव्हता.

"मी हितं पडल्या पडल्या समदं बघतोय," जोतीराम मळता मळता म्हणाला. "रोज भितीवर बोटं चालवतोस. पयल्यांदा मला वाटलं, पाल धरतोयस."

"डॉक्टरीणबाईनं सांगितलंय."

"ते कळलं. पर तुला येवढी घाई कशाची, ते कळंना. सदरा तर डाव्या हातानं बी निघतोय की. मग इचार केला. मला हितं दुसरं काम काय हाय?" त्याने वाटीतलं तूप बोटांवर घेतलं. "माझ्यासाठनं चाललंय न्हवं?"

"कायबी बोलतोस तू."

"तोंड तिकडं हाय तवर खरं सांग."

बोळात कुणीच नव्हतं. कृष्णातने खाली मातीकडे बघितलं. पकडल्यासारखं झालं होतं, आणि त्याबरोबर बरंही वाटत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "आबाला तू न्हेलास. घरापासनं वढ्यापातुर, न बदलता. मी न्हवतो. तवापासनं माझ्या डोक्यात हाय, मला बी तसंच... अन् हा शोल्डर असा आडून बसलाय."

खांद्यावरचे हात थांबले. मागून आधी बारीक हसू आलं, मग खोकला, मग पुन्हा हसू.

"न बदलता? कोण म्हणलं?"

"समदा गाव म्हणतोय."

"गाव राईचा पर्वत करतंय. आरं, आबा भरल्या अंगाचा गडी. चावडीपातुरच माझा खांदा भरून आला. तिथं डावा लावला. विसाव्याला परत उजवा. वढ्याच्या चढाला तर नानासोला म्हणलं, तू धर जरा, अन् मी नुसता दांड्याला हात लावून चाललो. पर सोडला न्हाई. पोचवला."

"मग कवा बोलला न्हाईस ते?"

"तू कवा इचारलंस? अन् लोकं चांगलं बोलत हुती, मी कशाला मोडू?"

कृष्णातला काय वाटलं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. एवढी वर्षं ज्या गोष्टीला तो नमस्कार करत आला ती घडलीच नव्हती. राग यायला हवा होता, पण आला नाही. चावडीपाशी थांबून खांदा बदलणारा जोतीराम त्याला दिसला, आणि गावाने सांगितलेल्या जोतीरामपेक्षा तो त्याला जास्त आपला वाटला.

"आरं येड्या, खांदा बदलायचाच असतोय," जोतीराम पुन्हा मळू लागला. "पाखऱ्याला बदलता येत न्हाई. ज्या जागी जुपला त्या जागी जलमभर. जरा थांबा, खांदा बदलतो, असं त्याला म्हणता येत न्हाई. म्हणून त्याला तूप लावायचं अन् माफी मागायची. तू कशाला बैल हुतोस?"

कृष्णातचे डोळे भरून आले. पाठ जोतीरामकडे होती म्हणून त्याने ते पुसलेही नाहीत. जोतीराम खोकत, थांबत, जमेल तसा मळत राहिला. वाटीतलं तूप संपलं तेव्हा तो पुढे वाकला आणि कृष्णातच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतान घे. उद्या जेवाया ये."

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची माणसं जोतीरामच्या ओट्यावर जेवली. पाखऱ्याने पोळ्या खाल्ल्या, कृष्णातने खाल्ल्या, जोतीरामने एक घास मोडून कटाच्या आमटीत बुडवला आणि छान झालीय म्हणाला. कृष्णातच्या बनियनवर उजव्या बाजूला हळदीचा डाग पडला होता. मनुबाईने तो धुऊन बघितला, मग नाद सोडला.

श्रावणात एका सकाळी जोतीराम गेला. उशीला टेकून चहाची वाट बघत होता, चहा आला तेव्हा तो नव्हता. सयाजी विस्तवाचं मडकं घेऊन पुढे झाला आणि मागे तिरडी उचलली. पुढचा दांडा कृष्णातचा. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, त्याच्यासाठी जागा ठेवलेलीच होती. त्याने उजवा खांदा लावला. हात वर जाईना, म्हणून दांडा डाव्या हाताने धरला. जोतीरामचं वजन काही नव्हतं, तरी चार पावलांत कळ मानेपर्यंत गेली.

चावडी आली. पूर्वीचा कृष्णात असता तर दात आवळून पुढे गेला असता आणि गावाने त्याचीही एक गोष्ट केली असती.

"थांबा रं जरा," तो म्हणाला. "खांदा बदलतो."

माणसं थांबली. मागच्या दांड्याला म्हातारा नानासो होता. त्याने कृष्णातकडे बघितलं आणि मान हलवली. आबांच्या वेळी तो याच जागी, याच शब्दांसाठी थांबला होता. कृष्णात वाकून दांड्याच्या दुसऱ्या अंगाला गेला, डावा खांदा लावला, आणि मंडळी चालू लागली. विसाव्याला त्याने थोडा वेळ परत उजवा लावला. ओढ्याच्या चढाला एका तरण्या पोराला दांडा दिला आणि स्वतः नुसता हात लावून चालत राहिला. हात मात्र शेवटपर्यंत काढला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर तो सांगलीला गेला. मधल्या खेपा चुकल्या होत्या. प्रांजल रागवायच्या तयारीत होती, पण त्याचं भादरलेलं डोकं बघून तिने आवाज खाली आणला. त्याला खुर्चीत बसवलं, कोपराखाली हात घातला.

"काका, पोतं उचललं?"

"व्हय. पोचवलं."

"दुखलं असेल."

"दुखलं की. पर बदलत बदलत न्हेलं."

पोत्यात काय होतं ते प्रांजलने विचारलं नाही. बाहेर रिक्षा थांबली, कुणीतरी उतरलं. ती त्याचा हात हळूहळू वर नेऊ लागली, आणि नेहमीच्या जागी आल्यावर सवयीने म्हणाली, "शोल्डर सैल सोडा. धरलाय मी."

कृष्णातने डोळे मिटले आणि सोडला.